कार्ड घरच्या पत्त्यावर

राणीसावरगाव
१ डिसेंबर २०२३

सत्यशीला मावशी,

पाकीट उलटंसुलटं करून बघू नका, मीच आहे. माधवी, बोरीची, तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सविताची मुलगी. तुम्ही सिस्टर होतात तेव्हा मला या जगात पहिला धपाटा तुम्हीच घातलात, असं आई सांगायची.

आई असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असतं आणि तुम्ही भिंतीपलीकडून ओरडून सगळं शिकवलं असतं. पण आईला जाऊन दोन वर्षं झाली, बाबा एकटे बाळंतीण कशी सांभाळणार, म्हणून सासरीच राहिले. धनतेरसला गंगाखेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे.

फोन करता येत नाही. एक तर फोनवर तुमचं कानातलं मशीन शिट्टी मारतं. दुसरं, माझा मोबाइल आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सव्वा महिन्यासाठी कपाटावर ठेवलाय. बाळंतिणीचे डोळे जातात म्हणे. आणि तिसरं, या घरात एकानं बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. खोल्या दोनच. आतली पत्र्यापर्यंत कापसानं भरलीय, भाव येईपर्यंत तो हलायचा नाही. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे. एका भिंतीला माझी बाज, समोरच्या भिंतीला मामांची. मामा म्हणजे सासरे. दसऱ्याला ट्रॉलीवरून पडून त्यांचा पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर आहे, दिवसभर तिथंच पडून असतात. हे पुण्याला कंपनीत आहेत.

आज आमच्या गावच्या आशा सेविका राजेश्रीताईंनी बाळाला झोळीच्या काट्यावर तोललं. दोन किलो साडेतीनशे. एकवीस दिवसांत वाढायचं सोडून पन्नास ग्रॅम कमी. आत्याबाई म्हणाल्या, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल? हिचं दूध आटलंय." शेळीचं दूध वाटीचमच्यानं सुरू केलंय. सव्वा महिना झाला की बाळ पूर्ण वरच्या दुधावर आणि मी कापूस वेचायला, असं ठरलंय. वेचायला बायका मिळत नाहीत, हे खरं आहे.

मला माझ्या मुलीला पाजायचंय, मावशी. दूध वाढायला काय खाऊ तेवढं लिहा. उत्तर राजेश्रीताईंच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलं तर आधी मामांच्या हातात पडेल, त्यांची बाज दारातच आहे.

तुमची माधवी


बोरी
५ डिसेंबर २०२३

माधवी बाळा,

दोन किलो साडेतीनशे वाचून चष्मा पुसला आणि परत वाचलं. आधी एक काम. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी राजेश्रीला सोबत घेऊन गंगाखेडला दवाखान्यात जायचं. बाळंतीण उंबरा ओलांडत नाही वगैरे कोणी म्हणालं तर म्हणावं, मी नाही जात, बाळ जातंय, आणि त्याला अजून चालता येत नाही. पोर मलूल झालं, थंड पडलं, ताप आला, प्यायचं सोडलं, दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, तर दुसऱ्या दिवसाचीसुद्धा वाट पाहायची नाही. त्याच तासाला निघायचं.

आता काय खाऊ म्हणतेस. जे घरात आहे ते, पण पोटभर. बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, वरण, डिंकाचा लाडू असला तर उत्तमच. पाणी पी. बाळंतिणीला पाणी कमी देणारी घरं मी तेहतीस वर्षं बघितली आणि तेहतीस वर्षं त्यांच्याशी भांडले. तहान लागली की तांब्या तोंडाला लाव, कोणाच्या तोंडाकडे बघू नको. बाळाला मात्र पाणी नाही, मध नाही, घुट्टी नाही, डोळ्यांत काजळ नाही. टीट लावायची तर तळपायाला लावा, सासूबाईंचं मन राहील.

पाजताना पोरीचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडू दे, मग लाव. नुसतं टोक चोखलं तर तुला चिरा पडतील आणि तिचं पोट भरणार नाही. एका बाजूचं संपलं की दुसरी बाजू. बारीक अंगाचं पोर आहे, उघडं करून आपल्या छातीवर ठेव, वरून पातळ गुंडाळ. अशी पोरं आईच्या अंगावर लवकर भरतात. ती झोपली की तूही झोप. लंगोट कोण धुईल याचा विचार करू नको, लंगोट कुठं पळून जात नाहीत.

आणि रडू आलं तर रड, पण रोज रोज येत असेल तर मला लिही. बाळंतपणात मन खचतं, त्याची लाज नसते, त्यालाही इलाज असतो.

शेवटचं. सासूबाईंनी म्हण सांगितली, मला ती मान्य नाही. एक अख्खा दिवस लिहून पाठव. किती वाजता पाजलंस, किती वेळ, आणि त्या वेळी घरात कोण होतं. काही गाळू नको.

सत्यशीला मावशी


राणीसावरगाव
९ डिसेंबर २०२३

मावशी,

गंगाखेडला जाऊन आले. आत्याबाई रागावल्या, पण राजेश्रीताईंनी "मला वर कळवावं लागतं" असं ठणकावून सांगितलं, मग गप्प झाल्या. डॉक्टरीणबाईंनी बाळ नखशिखान्त तपासलं. ताप नाही, कावीळ नाही, छाती साफ. म्हणाल्या, "बाळाला काही झालेलं नाही, बाळ उपाशी आहे. दिवसरात्रीत आठ-दहा वेळा तरी पाजा, वरचं दूध बंद करा, वजन करत राहा." वजन भरलं दोन किलो चारशे. म्हणजे जन्मली तेवढीच. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "डागदरीन सांगायली दूध पाज म्हणून, पर दूध हाय का, ते कोन सांगणार?"

तुम्ही दिवस लिहून मागितला होतात. कालचा लिहिते.

पहाटे साडेचारला आत्याबाई उठल्या, मामा झोपलेले होते, तेव्हा पाजलं. साडेसहाला माझ्या दिरानं, दत्ताभावजींनी, मामांना उचलून बाहेर लिंबाखाली उन्हाला बसवलं, तेव्हा पाजलं. आठ वाजता भावजींनी त्यांना परत आत आणलं आणि दोघं मायलेक वेचणीला गेले. मग घरात मी, बाळ आणि मामा. दहा वाजता ती रडली, वाटीनं शेळीचं दूध दिलं. बाराला परत दिलं. दीडला मामांचा डोळा लागला म्हणून पाजायला घेतलं, पण चार घोट प्यायली नाही तोच मामा खोकले. मी पदर सारखा केला. ती रडली, तिला खांद्यावर घेऊन फिरवलं. तीनला परत वाटी. साडेपाचला आत्याबाई आल्या, भावजींनी मामांना बाहेर बसवलं, तेव्हा पाजलं. दिवा मालवल्यावर दोनदा.

म्हणजे पाजते तर आहेच, मावशी. जमेल तेव्हा पाजतेच. कापसाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि आत पिसवा. न्हाणी अंगणात, तिथं ओलं असतं, बाळाला नेऊ देत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. दुपारी बारा-एकला छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो. मग न्हाणीत जाऊन पिळून टाकते. साचलेलं दूध शिळं असतं, ते बाळाच्या पोटाला बाधतं असं आत्याबाई सांगतात.

माधवी


बोरी
१३ डिसेंबर २०२३

अगं पोरी,

न्हाणीत पिळून टाकतेस? आणि पोर वाटीतून शेळीचं पितंय? मी ती ओळ वाचली आणि एवढ्या जोरात "अगं बाई" म्हणाले की शेजारचा धम्मदीप काय झालं म्हणून धावत आला.

शिळं व्हायला ते काय भाकरी आहे? आईच्या अंगातलं दूध अंगात आहे तोवर ताजंच असतं, बारा तासांनीसुद्धा. सासूबाईंना सांग, सत्यशीला सिस्टर लिहून देते आणि खाली सही करते.

तुझं दूध आटलेलं नाही. आड काठोकाठ भरलाय, पोहरा सोडायला तुला वेळ मिळत नाही, एवढंच आहे. आणि न उपसलेल्या विहिरीचे झरे बुजतात हे शेतकऱ्याच्या घरात मी सांगायला पाहिजे का? असंच चाललं तर मात्र महिन्याभरात खरंच आटेल, आणि मग सगळे म्हणतील, आम्ही सांगत नव्हतो.

तूच लिहिलेला दिवस परत वाच. साडेसहा ते साडेपाच, अकरा तास. अकरा तासांत पोरीला आईचे चार घोट. का, तर समोर सासरा आहे. मला वाटलं होतं सासू छळते आहे, तिला उद्देशून दोन कडक परिच्छेद तयार ठेवले होते. ते फाडले. तुझ्या घरात कोणी छळत नाही. सगळे फक्त लाजतात, आणि पोर वाळतंय.

उपाय सोपा आहे. दोरी बांध, जुनं लुगडं टाक, तुझ्या बाजेपुढे पडदा कर. मागं बसून दर दोन तासांनी पाज, रडायची वाट न बघता. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही म्हणतात, तुझी बिचारी तर रडूनही उपाशी. पडदा आजच बांध.

मावशी


राणीसावरगाव
१६ डिसेंबर २०२३

मावशी,

पडदा काल सकाळी बांधला आणि संध्याकाळी उतरवला.

दिवसभर छान पाजलं. सात वेळा. बाळ इतकं गाढ झोपलं की मीच दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. पण संध्याकाळी मामांचे चुलतभाऊ, नागनाथकाका, मामांना भेटायला आले. दारात थबकले. दोरी बघितली, लुगडं बघितलं आणि म्हणाले, "आश्रुबा, वाटणी झाली का रं? सून सवती निघाली, अन् आमाला पत्ता न्हाई!" उद्या हे साऱ्या गावात पसरेल. आत्याबाईंनी ते गेल्यागेल्या दोरी सोडली. म्हणाल्या, "माझ्या जिवात जीव हाय तवर ह्या घरात आडवी दोरी बांधायची न्हाई. सासऱ्याला परका केलास तू." आणि रडायला लागल्या. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

परवा सव्वा महिना भरतो. आता वाट्या आणि वेचणी. मला काही सुचत नाही.

माधवी


(पोस्टकार्ड)

बोरी, १९ डिसेंबर २०२३
माधवी भागवत, द्वारा आश्रुबा, मु. पो. राणीसावरगाव

माधवी, या खेपेला राजेश्रीच्या पत्त्यावर नाही, घरच्या पत्त्यावर, आणि पाकीटही नाही. ज्याच्या हातात पडेल त्यानं वाचावं, मोठ्यानं वाचलं तरी चालेल. बाळाला रोग नाही, आईला दूध आहे. अकरा तास पोर उपाशी राहतं, कारण सून सासऱ्याला लाजते. पडदा नको असेल तर नको. पदर आहे. पदर घ्यायचा आणि सगळ्यांसमोर पाजायचं. पाजणाऱ्या बाईनं तोंड फिरवायचं नसतं. ज्याला लाज वाटते त्यानं फिरवावं. मी तेहतीस वर्षं लोकांच्या घरात जाऊन बाळंतपणं केली. काही घरांत मला पाणी दुरून, वरून ओतायचे, पण पोर आधी माझ्याच हातात द्यायचे. तिथं मी मान खाली घातली नाही. तू तर तुझ्या घरात आहेस. – सत्यशीला सिस्टर, निवृत्त


राणीसावरगाव
२२ डिसेंबर २०२३

मावशी,

तुमचं उत्तर आलं नाही. राजेश्रीताईंना रोज विचारते. मी थांबले नाही.

सोमवारी सव्वा महिना भरला. मंगळवारपासून वेचणी, असं आत्याबाईंचं ठरलेलं. आणि सोमवारीच सकाळी दहाच्या सुमाराला बाळ रडलं. मी शेळीच्या दुधाची वाटी उचलली. तेवढ्यात माझं अंग भरून आलं, पदर भिजला. हातात दुसऱ्याचं दूध आणि अंगावर माझं वाहतंय. मला असा संताप आला, मावशी, की वाटी मी खाली आपटली नाही हेच नशीब. ती सरळ मांजरापुढे ठेवली. बाजेवर मांडी घातली, पदर घेतला आणि पाजायला बसले. मामा समोर, सात-आठ हातांवर, टक्क जागे.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला. पण बाळ गटागटा पीत होतं, आणि तो आवाज या खोलीत पहिल्यांदाच दिवसाउजेडी आला. मी उठले नाही. दोन्ही बाजू पाजून झाल्यावरच उठले. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चार वेळा पाजलं. चारही वेळा त्यांनी टॉवेल ओढला.

संध्याकाळी आत्याबाईंना मीच सांगितलं, मी पाजलं, उद्याही पाजणार, वेचणीला येणार नाही. "आमी न्हाई का वाढवली लेकरं? रानात जाऊन, सासऱ्याच्या माघारी पाजून?" एवढं म्हणाल्या आणि पाटीभर भांडी अंगणात नेऊन इतक्या जोरात घासत बसल्या की शेजारणी डोकावल्या. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मामा तर तेवढंही नाही. यांना पुण्याला फोन लावून काय सांगतील, कोण जाणे. काल पोस्टमन दारात आला होता, मामांनी काहीतरी घेऊन उशीखाली सरकवलं. बहुतेक बँकेचं असेल.

पण आज राजेश्रीताईंनी काटा लावला. दोन किलो साडेपाचशे! बोलायचं नसेल तर कोणी बोलू नका म्हणावं. मी पाजणार.

माधवी


राणीसावरगाव
ता. २३/१२/२०२३

सत्यशीलाताईस आश्रुबाचा रामराम.

कार्ड माधवीला भेटलं न्हाई. मी ठिवून घेतलं. चोरी केली म्हना. पर सासऱ्यानं सुनंच्या हातात असलं कार्ड द्यावं कसं, ह्याचा इचार करण्यात दोन दिवस गेले. आज राजेश्रीकडून दिलं आन् तिच्याकडूनच हा कागूद मागून घेतला. मी सातवी शिकलो, चूकभूल माफ करा.

तुमाला खरं सांगतो. पोरगी पाजीना हे मला पहिल्या हप्त्यातच कळलं होतं. म्हणून मी दुपारी डोळे मिटून पडायचो. घोरायचं सोंगसुदा केलं. म्हटलं, मी झोपलो समजून पाजील. पर कमबख्त खोकला. मी खोकलो की तिनं पदर झाकलाच. मग मला वाटायचं, आता पुन्यांदा डोळे मिटले तर सोंग कळंल, आन् सोंग कळलं तर आजून वाईट. असे आमी दोघं एकमेकाला लाजत बसलो, आन् मधी लेकरू रडायलंय. म्हाताऱ्याला येवडी अक्कल आली न्हाई की तोंड उघडून 'पाज बाई' म्हणावं. सोमवारी तिनं पाजाय घेतलं तवा मी टावेल तोंडावर घेतला तो रागानं न्हाई. माझ्या डोळ्याला पाणी आलं होतं, ते सुनंला दिसू ने म्हणून.

आजून एक. आमची पहिली लेक भागवतच्या, म्हंजी माधवीच्या मालकाच्या, आधी झालती. तीन महिन्याची होऊन गेली. आमच्या मंडळीचं, तानुबाईचं, दूध आटलं म्हणले सगळे. तवा माझा बाप वसरीवर बसायचा, सकाळपून सांजपस्तोर. तुमचं कार्ड वाचलं आन् आटलं नव्हतं हे आता कळायलंय, बत्तीस वर्षानं. रात्री तानुबाईला कार्ड वाचून दाखवलं. तिनं तीनदा वाचाय लावलं. सकाळी उठून शेळीच्या दुधाची वाटी घासून फळीवर पालथी घातली.

पाण्याचं लिव्हलं ते वाचून मान खाली गेली. आमच्या घरातबी तसंच होतं, मी खोटं बोलत न्हाई. बारसं ३१ ला हाय. तुमी या. तांब्या तानुबाई सोता तुमच्या हातात देईल.

आन् मला उठता येत न्हाई पर हात रिकामे हायत. मी काय करू, तेवडं लिवा.

आश्रुबा


बोरी
२६ डिसेंबर २०२३

आश्रुबाभाऊ,

तुमचं पत्र मी जपून ठेवलंय. इतक्या वर्षांच्या नोकरीत सासऱ्याचं पत्र पहिल्यांदा आलं. तानुबाईंना सांगा, त्या लेकीचा दोष त्यांच्याकडे नव्हता. त्या वेळी आमच्यासारख्यांनी तुमच्या दारात यायला हवं होतं आणि आम्ही आलो नाही.

बारशाला येता येत नाही, २९ ला डोळ्याचं ऑपरेशन आहे. तांब्या शिल्लक ठेवा, मी येऊन पिणार आहे.

रिकाम्या हातांचं काम लिहिते. माधवीचं पाजून झालं की पोर तुमच्याकडे घ्यायचं. खांद्यावर उभं धरून पाठीवरून हात फिरवायचा, ढेकर येईपर्यंत. मग उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, मान एका बाजूला, नाकतोंड मोकळं, वरून पांघरूण. आईच्याच छातीची ऊब लागते असं नाही, आजोबाची चालते. तुम्ही जागे असाल तेव्हाच हं, डोळा लागायला लागला की तिला तिच्या जागेवर द्यायचं. तेवढा वेळ माधवी झोपेल. लंगोट बसल्या जागी बदलता येतो, राजेश्री दाखवील. आणि दारातच बसलाय, तर आल्यागेल्याला बाहेरूनच हात धुवायला लावा. दोन तास झाले की घड्याळ बघून हाक मारायची, "माधवी, पाज बाई." आधी म्हणायचं राहिलं ते आता रोज म्हणा.

सत्यशीला


राणीसावरगाव
१ जानेवारी २०२४

मावशी,

डोळ्याची पट्टी निघाल्यावर हे वाचा, नाहीतर धम्मदीपकडून वाचून घ्या. पण त्याला सांगा सावकाश वाच.

काल बारसं झालं. नाव अर्पिता. सकाळीच मामांनी हुकूम सोडला, आधी काटा, मग पाळणा. राजेश्रीताईंनी सगळ्यांसमोर झोळी अडकवली. दोन किलो नऊशे! मामांनी ते मोठ्यानं दोनदा वाचलं. पाय मोडल्यापासून त्यांचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. हे पुण्याहून आले होते, तेही बघतच राहिले.

पाहुण्यांनी खोली भरली. बायका, पोरं, चार-पाच पुरुष. पाळणा म्हणता म्हणता बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. मामांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि रोजच्यासारखी हाक मारली, "माधवी, पाज बाई." मी पाळण्यातून तिला उचललं, मामांच्या समोर माझ्या बाजेवर बसले, पदर घेतला. नागनाथकाका पुढेच होते. म्हणाले, "आश्रुबा, काय दिवस आले रं! भर बारशात, सासऱ्यासमोर? लाज म्हणून काई हाय का न्हाई?"

मी वर मान करून बोलणारच होते. पण मामा आधी बोलले. "नागनाथ, लाज मलाबी लय होती. ती माझ्या नातीच्या अंगावर चढत न्हाई, तोलून बघितली. तुला वाटत असली तर उठ आन् बाहेर जाऊन बस. माझा पाय मोडलाय, मी हालत न्हाई. आन् पाय धड असता तरी मी हाललो नसतो."

काका उठले. आत्याबाई साखरेच्या पुड्या वाटत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जाताना दार वडून घ्या भावजी. वारं लागायलंय पोरीला." मला हसू आवरेना, बाळ दचकलं. वेचणीचं नाव आता घरात निघत नाही. आत्याबाईंनी त्यांच्या माहेरहून दोन बायका बोलावल्यात, आणि काल पाहुणे गेल्यावर त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ नुसतं तिच्या तोंडाकडे बघितलं. जेवताना माझ्या ताटात डिंकाचा लाडू ठेवला, तो मी मागितला नव्हता.

पण तुम्हाला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. शेजारच्या सितारामची सून बारशाला आली होती, तिचं बाळ दोन महिन्यांचं. ते रडायला लागलं म्हणून ती त्याला घेऊन कापसाच्या खोलीत घुसली होती, बोंडांत आणि पिसवांत, उभ्यानं पाजत होती. बाहेरचं सगळं तिनं आतून ऐकलं. थोड्या वेळानं ती दारात आली, केसांना कापूस चिकटलेला, कडेवर पोर. सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई," म्हणाली, "मी हितं बसू का?"

मी सरकून तिला जागा दिली.

तुमची माधवी